कुत्र्याचे मरण आणि आपली मोडशी

जुन्या इंग्रजी लिखाणात पटकीसाठी ‘मॉर्ट-डी-शिएन’ असा एक चमत्कारिक शब्द आढळतो. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’. वस्तुतः या शब्दाचा कुत्र्याशी काडीमात्र संबंध नाही. त्याचे मूळ आपल्याच घरात आहे.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. येथील लोक पटकीला ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही त्याचे ‘मोर्देशी’ केले, असे त्याने त्यात नमूद केले आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने त्याचे नाते मराठी-कोंकणी ‘मोडशी’शी, म्हणजेच ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडले. शरीर मोडून पडते ती मोडशी. पोर्तुगीजांनी शब्द वाकवला, फ्रेंचांनी त्यात कुत्रा घुसवला आणि इंग्रजांनी तो तसाच उचलला.

आज मराठीत मोडशी म्हणजे साधे अपचन. शब्द तोच, अर्थ सौम्य झालेला.

मुरगावात कोंकणी, मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे रुग्ण आपणांकडे येतात आणि आपण त्यांचे शब्द क्षणार्धात इंग्रजीत उतरवतो. ‘मोडशी झाली’ असे सांगणाऱ्याला जुलाब किती झाले, लघवी होते का, हे न विचारता ‘अपचन’ लिहिले, तर भाषेच्या चुकीची किंमत रुग्णालाच मोजावी लागेल. म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की केसपेपरवर प्रथम रुग्णाचा शब्द लिहावा, त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. निदानाचे नाव त्यानंतर.