खाऱ्या वाळूतील सोने

म्हापशाहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. गेल्या वैशाखात इंदूरहून त्यांच्या नणंदेची मंडळी सुट्टीला आली, सर्वांची स्वारी कळंगुटला गेली, आणि गुडघाभर पाण्यात लाटांशी खेळता खेळता या भगिनींच्या बोटातील अंगठी निसटली. अंगठी सासूबाईंची, वजन अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेर. ‘पण ती वजनात मोजण्याची वस्तू नव्हे,’ असे त्यांनी लिहिले आहे आणि ते आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आता त्यांचा मस्कतचा भाचा रजेवर येताना धातुशोधक यंत्र आणू म्हणतो. तेथल्या दुकानदाराने त्याला विचारले, वेटोळे कोणते हवे? लहान की मोठे, एकात एक गोल की दुहेरी ‘डी’चे? भाच्याने प्रश्न मावशीकडे धाडला आणि मावशींनी तो आमच्याकडे. लोणच्याचा खार आणि मुलांची बाळसे धरण्याची औषधे यांच्या शेजारी ही चर्चा छापताना संपादकांच्या भुवया किंचित उंचावल्या, हे खरे. परंतु समुद्रकाठी राहणाऱ्या किती घरांतून एखादा दागिना असा लाटेबरोबर गेला आहे, याची वाचकांनी आपापल्या घरी मोजदाद करावी, म्हणजे या विषयाला येथे जागा का, ते कळेल.

दुकानदाराचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. या यंत्राची पेटी, पडदा, दांडा, कर्णश्रवणी हे सारे नंतरचे. जमिनीशी बोलते ते फक्त टोकाचे चकतीसारखे वेटोळे. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात. एका वेढ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला जातो. त्यामुळे खालच्या वाळूत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांसारखे आवर्त प्रवाह फिरू लागतात. हे प्रवाह स्वतःचे क्षुल्लक क्षेत्र उत्पन्न करतात आणि दुसरा वेढा ते टिपतो. फॅराडेने १८३१ मध्ये सिद्ध केलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचाच हा संसार आहे. दोन्ही वेढे अशा बेताने बसविलेले असतात की पहिल्याची आरोळी दुसऱ्याला थेट ऐकू येऊ नये. नाहीतर अंगठीची कुजबुज तो काय ऐकणार?

या कुजबुजीवरून एक जुनी हकीकत आठवते. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरात कोठे अडकली आहे, हे डॉक्टरांना उमगेना. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईघाईने याच तत्त्वावरचे उपकरण तयार करून रुग्णाच्या अंगावरून फिरविले. परंतु गोळीचा माग लागला नाही. अंथरुणाखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोटाळा केला, आणि डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तोही शरीराच्या एकाच बाजूला. सप्टेंबरमध्ये गारफील्ड निवर्तले. उपकरण मूक नव्हते. त्याला हवे त्यापेक्षा नको ते अधिक ऐकू येत होते. समुद्रकिनाऱ्यावर त्या स्प्रिंगांची जागा मीठ घेते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यामुळे ते पाणी विजेचे बऱ्यापैकी संवाहक बनते. तांब्याच्या तुलनेत ते एक कोटीपटीहून अधिक दुबळे, हे खरे. पण अंगठी असते एवढीशी, आणि वेटोळ्याखालची भिजलेली वाळू असते बादल्याच्या बादल्या. या सर्व ओल्या वाळूत आवर्त प्रवाह फिरतात आणि यंत्राला वाटते की खाली काहीतरी पातळ, मोठे, दुबळे धातूचे पत्र पसरले आहे. खरी अडचण याच्याही पुढची. मिठाचा हा आवाज जेथे लागतो, त्याच सुरांच्या आसपास बारीक सोन्याचा आवाजही लागतो. म्हणून मिठाला गप्प करावयास जावे, तर नाजूक सोनेही त्याच्याबरोबर गप्प होते. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू मात्र निरुपद्रवी आहे. मीठ तेथेही असते, पण पाण्यावाचून ते वीज वाहून नेत नाही. तेथे साधे यंत्र आणि कोणतेही वेटोळे चालते.

दुसरे संकट काळ्या वाळूचे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटची काळी वाळू प्रसिद्धच आहे. केरळात चवऱ्यास तर तिच्या खाणी आहेत. गोव्यातही पावसाळा सरता सरता काही पुळणींवर असे काळे पट्टे दिसतात, आणि डोंगराकडून आलेले जांभ्याचे खडे असतात ते निराळेच. यांच्यातील लोहमय खनिजे वेटोळ्यावर चुंबकीय परिणाम करतात, आणि तो मिठाच्या परिणामाहून भिन्न जातीचा असतो. एकाच कंप्रतेवर चालणारे साधे यंत्र मिठाशी जुळवून घेतले तर काळ्या वाळूवर कुरकुरते, काळ्या वाळूशी जुळवले तर मिठावर. दोन सवतींची एकदम समजूत घालण्याचा हा प्रकार आहे.

म्हणून भाच्याने वेटोळ्याआधी यंत्राची जात पाहावी. खाऱ्या ओल्या वाळूसाठी दोनच जाती उपयोगी. एक बहुकंप्रतेची: ती निरनिराळ्या कंप्रतांवर आलेली उत्तरे ताडून पाहते आणि त्यांतून मिठाचा वाटा वजा करते. दुसरी स्पंद-प्रवर्तनाची: ती क्षेत्राचा एक झटका देऊन थांबते, मिठातील प्रवाह विरून जाऊ देते आणि मग ऐकते. दुसरी जात खोलवर पोहोचते, काळ्या वाळूलाही फारशी भीत नाही. परंतु तिला लोखंड आणि सोने यांतला भेद नीट सांगता येत नाही. खिळा, बाटलीचे बूच, तारेचा तुकडा, सगळ्यांपुढे ती सारखीच आनंदित होते. शिवाय मीठ विरण्याची वाट फार वेळ पाहिली, तर पातळ सोन्यातील प्रवाहही तोवर विरून जातात. कळंगुटसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावर, जेथे वाळूपेक्षा बुचेच अधिक असावीत अशी शंका येते, तेथे आम्ही बहुकंप्रतेच्या बाजूने कौल देऊ. कंपन्यांची नावे आम्ही देत नाही. भलामण करणे हे या सदराचे काम नव्हे.

आता वेटोळ्याचा आकार. एककेंद्री वेटोळ्यात बाहेर मोठा वेढा आणि आत लहान वेढा, ताटात वाटी ठेवावी तसा. त्याची नजर खाली शंकूसारखी निमुळती होत जाते: वरच्या थरात रुंद, खोलवर जेमतेम एका बिंदूएवढी. सौम्य जमिनीवर ते उत्तम, वस्तू नेमकी कोठे आहे हेही छान सांगते. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये खोलीवर बरीच वाळू न पाहिलेली राहते. दुहेरी ‘डी’मध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे दोन वेढे पाठीला पाठ लावून, मध्ये किंचित एकमेकांवर चढवून बसविलेले असतात. त्याची नजर त्या मधल्या चढावाच्या रेषेत, विळीच्या पात्यासारखी पुढून मागे पसरते. एका क्षणी ते कमी वाळू पाहते, म्हणून खनिजांचा गोंगाट त्याला कमी ऐकू येतो. आणि पाते लांब असल्यामुळे झाडू मारल्याप्रमाणे सलग पट्टा झाडून निघतो. खाऱ्या किनाऱ्यासाठी दुहेरी ‘डी’च घ्यावे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. स्पंद-प्रवर्तनाच्या यंत्राला मात्र बहुधा एकाच वेढ्याचे वेटोळे येते, तोच वेढा बोलतो आणि तोच ऐकतो. तेथे ही निवड फारशी उरतच नाही.

मापाच्या बाबतीत मात्र लोक हमखास फसतात. मोठे वेटोळे म्हणजे अधिक खोली, असे सरळ गणित मांडून १५ इंचांचे वेटोळे विकत घेतात. गणित निखालस खोटे नाही. वस्तू वेटोळ्याच्या मापाच्या मानाने दूर गेली की तिचा संदेश अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संदेश चौसष्टांश उरतो. मोठे वेटोळे हे पडणे थोडे लांबवते. पण जवळच्या लहान वस्तूवर त्याचे क्षेत्र पातळ पसरते, त्याला मीठही अधिक दिसते, दोन वस्तूंमधला फरक कळत नाही आणि पाण्यात ते सुपासारखे लाटेत सापडून मनगट पिरगाळते. सहा इंचांचे लहानगे बारीक कर्णफुलांना उत्तम, कचऱ्यातही चतुर. पण पुळण झाडावयास घेतली तर पुढची दिवाळी उजाडेल. नऊ ते अकरा इंच हे किनाऱ्यावरचे सोयीचे माप होय. त्यातही मधून पोकळ, आऱ्या-आऱ्यांचे असावे, म्हणजे पाणी आरपार जाते. पाण्यात ते वर तरंगता कामा नये, आणि दगडासारखे खालीही ओढता कामा नये. वेटोळे जलाभेद्य असले तरी पेटी तशी असतेच असे नाही, हे भाच्याने दुकानातच विचारून घ्यावे. एका यंत्राचे वेटोळे दुसऱ्याला जोडून चालत नाही, तेव्हा ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून वेगळे घेऊ नये.

आपल्या दागिन्यांविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत, कारण विलायती पुस्तिकांत ते सापडणार नाहीत. आवर्त प्रवाहांना बंद कडे प्रिय असते. म्हणून अखंड बांगडी, पाटली, अंगठी चांगला आवाज देतात. तीच अंगठी चिरलेली असली की आवाज एकदम मंदावतो. साखळी ही यंत्राच्या लेखी एक वस्तूच नव्हे. तो सुट्या कड्यांचा समूह, आणि प्रत्येक कडी आपापल्या बारीक आवाजात बोलते. तुटलेल्या मंगळसूत्राचे काळे मणी मुके, तार जवळजवळ मुकी. बोलतील त्या दोन वाट्या. नथीत मोती अधिक, सोने थोडे आणि फासा उघडा, तेव्हा तिची आशा फार धरू नये. आणखी एक गोष्ट अशी की सिगारेटच्या पाकिटातील चांदी आणि शीतपेयांच्या डब्यांची कड्या-झाकणे हुबेहूब सोन्याच्या सुरात बोलतात. त्यांचा आवाज नको म्हणून यंत्राला ती वगळावयास सांगितले, तर सासूबाईंची अंगठीही वगळली जाईल. किनाऱ्यावर सोने शोधणाऱ्याने प्रत्येक आवाजाला खणले पाहिजे. याला पर्याय नाही.

आता म्हापशाच्या भगिनींची अंगठी. बावीस कॅरटचे सोने वाळूच्या कणापेक्षा सुमारे साडेसहापट जड. लाटांनी वाळू ढवळली की ते वाहून दूर जाण्याऐवजी खाली खाली उतरते, आणि शंखशिंपल्यांच्या किंवा घट्ट चिकणमातीच्या थरावर टेकते. अंगठीएवढी वस्तू चांगल्या वेटोळ्यालाही साधारणतः वीतभर, फार तर सव्वा वीत खोलीवर ऐकू येते. पण आपल्याकडे निसर्ग एक कृपा करतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाळ्यातील लाटा पुळणीची वाळू ओरबाडून समुद्रात नेतात, आणि पुढल्या शांत महिन्यांत तीच वाळू परत आणून घालतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात, वाळू परतण्यापूर्वी, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणातील ओहोटीला शोध घ्यावा. त्यासाठी भाच्याची रजा नाताळाऐवजी दसऱ्याच्या सुमारास मिळाली तर सोन्याहून पिवळे. अंगठी सापडेलच असे आम्ही म्हणणार नाही. वैशाखातील जागा घरच्या मंडळींनी खांब, माड, पायवाट अशा खुणांनी आधी आखून द्यावी, नाहीतर उत्तम वेटोळेही आंधळे.

फिरवताना वेटोळे वाळूपासून दोन बोटे वर, एका पातळीत ठेवावे आणि चालावे ते पाण्याच्या रेषेला समांतर, म्हणजे ओलावा सारखा राहतो. ओल्यातून कोरड्यात जाता-येता यंत्र उगाच ओरडते. उथळ पाण्यात वेटोळे अर्धे बाहेर, अर्धे आत असे ठेवू नये, पूर्ण बुडवावे. त्याची तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली असावी, कारण ढिली तार हलली की तीच ‘सोने’ म्हणून ऐकू येते. घरी आल्यावर वेटोळ्याखालचे टोपण काढून आतली वाळू व खारे पाणी गोड्या पाण्याने धुवावे. टोपणात अडकलेले चमचाभर खारे पाणी सबंध दिवसाचे काम नासवते.

मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे खणू नये. आग्वादसारख्या किल्ल्यांच्या हद्दीत यंत्र नेऊच नये, आणि इतरत्रही स्थानिक पोलिसांना आधी विचारावे. शोधताना दुसऱ्या कोणाचे मंगळसूत्र हाती लागले तर ते सापडणाऱ्याचे होत नाही: १८७२ च्या करार अधिनियमाच्या ७१ व्या कलमाने त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्यासारखी जबाबदारी येते. तारीख, जागा व वस्तूचे वर्णन लिहून ती ठाण्यात जमा करावी आणि पोच घ्यावी. पुरलेला जुना ठेवा असेल व किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांचा हा आकडा कायद्यात १८७८ पासून आहे आणि त्या रकमेत आज कळंगुटला शहाळेही मिळत नाही.