सरंजाम, हेग आणि महान्यायवादी सेटलवाड

सवाई माधवरावांच्या काळात, १७७९ साली, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्याचा तह झाला. दमणलगतच्या मुलखातून बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना तोडून देण्याचे त्यात ठरले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी गावे नेमून दिली गेली. तीच दादरा आणि नगरहवेली.

१९५४ मध्ये हा मुलूख मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. आपल्या वसाहतींकडे भारतीय भूमीतून जाण्याचा हक्क त्याला हवा होता. भारताची बाजू मांडणाऱ्यांत स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, असा भारताचा युक्तिवाद होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात तो न्यायालयाने मानला. मात्र इंग्रजांच्या काळात पोर्तुगालच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळत गेली, असेही ठरवले. हक्क मिळाला तो खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि मालापुरता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने कर्तव्यभंग केलेला नव्हता. सरंजाम या शब्दाचा नेमका अर्थ इतक्या दूर कामी यावा, ही दफ्तरे चाळणाऱ्यांना सुखावणारी गोष्ट.

तरीही सेटलवाडांची खरी कसोटी हेगला लागली नाही. परक्या राष्ट्राविरुद्ध आपल्या सरकारची बाजू मांडणे कोणत्याही महान्यायवाद्याला जड जात नाही.

१९३७ ते १९४२ या काळात मुंबईचे महाधिवक्तापद भूषवलेले सेटलवाड जानेवारी १९५० मध्ये महान्यायवादी झाले. त्याच वर्षी ए. के. गोपालन खटल्यात त्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याचे समर्थन केले. व्यक्तिस्वातंत्र्याचा तेथे रूढ झालेला संकुचित अर्थ पुरता मागे पडायला १९७८ चा मनेका गांधी निकाल यावा लागला. ‘ते तर वकिलाचे काम’ हे उत्तर अर्धेच आहे. त्या युक्तिवादाची नोंद त्यांच्या खात्यावर राहणारच.

पण त्याच खात्यात १९५८ चे मुंदडा प्रकरणही आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. चौकशी मुंबईत, उघडपणे, लोकांच्या गर्दीत झाली. सेटलवाड तेथे उभे राहिले ते अर्थमंत्र्यांचा बचाव करायला नव्हे, तर आयोगाला साहाय्य करायला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निष्कर्ष छागलांनी काढला आणि टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले.

संविधानाच्या ७६ व्या अनुच्छेदानुसार महान्यायवादी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाची. म्हणून या प्रसंगाचे श्रेय एकट्या सेटलवाडांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मंत्री गमावलेल्या नेहरूंनी त्यांना दूर केले नाही. आणखी पाच वर्षे, १ मार्च १९६३ पर्यंत, ते त्याच पदावर राहिले.