कोणी पाहत नसताना

रमजानच्या रोजावर पहारेकरी नसतो. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पण दार लावून कोणी माठातले पाणी पिऊन ओठ पुसले, तर ते शेजाऱ्याला कळणार नाही आणि घरच्यांनाही नाही. तरीही वऱ्हाडाच्या उन्हात दिवसभर पोती वाहणारा रोजेदार हमाल माठाकडे हात नेत नाही. रोजाचे सारे मोल याच गोष्टीत आहे. माणूस एकटा असताना कसा वागतो, यावरून त्याची श्रद्धा ओळखावी, अशी शिकवण हा महिना देतो.

देशभक्तीलाही हीच कसोटी लावायला हवी. ध्वजवंदनाला ताठ उभे राहावे, राष्ट्रगीत मनापासून म्हणावे, हे योग्यच आहे. त्याने मने जवळ येतात. पण त्या वेळी सगळे एकमेकांकडे पाहत असतात. खरा प्रश्न आहे तो कोणी पाहत नसतानाचा.

1930 साली सोलापूर शहरापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरण्यांचे ते शहर पेटून उठले. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले, न्यायालयाला आग लागली. त्या दिवसाचे दुःख दोन्हीकडचे आहे, ते झाकण्याचे कारण नाही. पण नंतरचे तीन दिवस विसरता येण्याजोगे नाहीत. इंग्रजांचा अंमल शहरातून जणू उठला आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था हाती घेतली. दंडुका नसलेल्या त्या दिवसांत शहर शहरच राहावे, म्हणून शहरातलीच माणसे पुढे आली. 12 मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला.

पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघेही फासावर गेले. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत वावरणारे, 'गझनफर' हे पत्र चालवणारे तरुण होते. त्या वर्षीचा रमजान अवघ्या आठवड्यावर आला होता. तो त्यांना लाभला नाही. आज सोलापुरात या चौघांचे पुतळे एकाच चौकात उभे आहेत. त्यांतल्या कोणाचे देशप्रेम जास्त वजनाचे होते, असे तिथून जाणारा माणूस विचारत नाही.

पुढे स्वातंत्र्य आले तेही रमजानमध्येच. 15 ऑगस्ट 1947 हा दिवस त्या वर्षीच्या रमजानच्या अखेरच्या दिवसांत होता. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सकाळी लाखो लोकांना रोजा होता. तीन दिवसांनी, 18 ऑगस्टला, ईद झाली. फाळणीच्या रक्तपाताने ती ईद काळवंडली होती. दोन वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत इशारा दिला. राजकारणात समता येत आहे, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच आहे. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. समता आणि स्वातंत्र्य टिकायचे तर बंधुता हवी, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले.

हा इशारा वाशीम जिल्ह्याला दूरचा वाटू नये. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. तो अभिमान सार्थ होता. त्याच देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आहेत, त्यांत वाशीमही आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राष्ट्राची उंची चंद्रावरून मोजली जाते, तशी ती रिसोड तालुक्यातल्या एखाद्या खेड्याच्या दवाखान्यातूनही मोजली जाते. बाळंतिणीला वेळेवर डॉक्टर भेटला का, शेतमजुराच्या मुलीची शाळा सातवीनंतर सुटली तर नाही ना, यावर राष्ट्राचे मोठेपण ठरते.

हे सगळे सरकारवर सोपवून मोकळे होता येत नाही. पवित्र कुरआनच्या 83 व्या अध्यायाचे नावच 'अल-मुतफ्फिफीन' आहे, म्हणजे मापात मारणारे. घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा त्यात कडक धिक्कार आहे. सोयाबीन आणि तुरीच्या बाजारावर जगणाऱ्या गावाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. शेतकऱ्याच्या मालाचे वजन चोख करणारा काटा देशसेवाच करतो. रेशनचे धान्य गरिबाच्या पिशवीत पूर्ण घालणारा दुकानदार, तारेवर आकडा न टाकता विजेचे बिल भरणारा ग्राहक आणि साहेब तपासणीला येणार नसतानाही मन लावून शिकवणारा शिक्षक हे सारे देश उभा करतात. त्यांचे फोटो कुठे छापून येत नाहीत.

एखाद्याच्या नावावरून त्याच्या देशप्रेमाचा पुरावा मागण्याची सवय अलीकडे वाढली आहे. ती मागणाऱ्यालाही लहान करते आणि ज्याच्याकडे मागितला त्यालाही दुखावते. मात्र या दुखावण्याचे निमित्त करून मुस्लिम समाजाने आपल्या कोषात जाऊन बसणे हेही उत्तर नव्हे. मुलामुलींचे शिक्षण, गावाची स्वच्छता, रक्तदान, ग्रामसभा, मतदान या सर्व ठिकाणी हक्काने आणि जबाबदारीने हजर राहणे, हेच उत्तर आहे. शेजारी उपाशी असताना जो स्वतः पोटभर जेवतो तो श्रद्धावान नव्हे, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. तिच्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

ईदची नमाज अदा करण्यापूर्वी फितरा द्यावा, असा दंडक आहे. गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी आणि त्यालाही ईद साजरी करता यावी, हा त्यामागचा हेतू. आधी त्याची सोय, मग आपला आनंद. रिसोडच्या घराघरांत शीरखुर्म्याची तयारी सुरू होईल, शेजारपाजारी वाट्या पोहोचतील. तोवर कोणाच्या घरी अजून काही पोहोचलेले नाही, याची चौकशी प्रत्येक गल्लीने आपापली करावी. सणाचा हा क्रम ज्या देशाला रोजच्या कारभारात पाळता येतो, त्या देशाला आपण महान आहोत असे ओरडून सांगावे लागत नाही.