नेलपॉलिशची बाटली सुकू नये म्हणून



कपाटाचा खण आवरायला घेतला की नेलपॉलिशच्या दोन-चार बाटल्या हमखास हाती लागतात. एक मागच्या ईदची, एक नणंदेच्या निकाहासाठी घेतलेली, एक कुणीतरी भेट दिलेली. निम्म्याहून अधिक भरलेल्या असतात, पण झाकण फिरत नाही. जोर लावून फिरवलंच, तर आतला ब्रश गोंदात रुतल्यासारखा वर येतो. मग ती बाटली कचऱ्यात जाते आणि पुढच्या ईदला नवी येते. एका बाटलीचे पैसे फार नसतात, पण न वापरता फेकलेली वस्तू म्हणजे इसराफच.

आपल्या घरांत असं जास्त होतं, आणि त्याचं कारण उघड आहे. नेलपॉलिशचा थर असताना पाणी नखापर्यंत पोहोचत नाही, म्हणून वुजू आणि गुसलच्या आधी तो काढावा लागतो. पाच वक्त नमाज पढणाऱ्या बाईला रोज लावणं आणि रोज काढणं परवडत नाही. त्यामुळे आपल्याकडे नेलपॉलिश लागतं ते बहुधा पाळीच्या दिवसांत. महिन्यातून एकदा लावायचं म्हटलं, तर नऊ-दहा मिलीची बाटली एकटीला वर्षभर सहज पुरते. जी बाटली इतके दिवस ठेवायची आहे, ती नीट ठेवायलाही हवी. (पाणी आत जाऊ देणारं म्हणून जे नेलपॉलिश विकलं जातं, त्यावर वुजू होतो की नाही, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. ठेवण्याची पद्धत मात्र त्याचीही हीच.)

बाटलीत सुकतं कसं?

नेलपॉलिशमधलं मुख्य द्रव्य म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते कापसासारख्या वनस्पतीच्या तंतूंपासून बनवतात. 1920च्या दशकात मोटारगाड्यांना जो चकचकीत रंग देत, त्यातही हेच असायचं. ते इथाइल अॅसिटेट आणि ब्युटाइल अॅसिटेट या द्रवांत विरघळवलेलं असतं. नखावर लावलं की हे द्रव हवेत उडून जातात आणि मागे रंगाचा कडक पापुद्रा उरतो. आपल्याला येतो तो उग्र वासही याच द्रवांचा.

नखावर जे पाच-दहा मिनिटांत घडतं, तेच बाटलीत हळूहळू घडत असतं. झाकण उघडं राहिलं की द्रव उडतो आणि पॉलिश दाट होतं. म्हणून सगळी काळजी एकाच गोष्टीची आहे: आतला द्रव बाहेर जाऊ द्यायचा नाही.

बाटलीचं तोंड पुसा

सगळ्यात जास्त बाटल्या बिघडतात त्या तोंडाशी साचलेल्या पॉलिशमुळे. ब्रश काठावर निथळताना रंग आट्यांवर उतरतो आणि तिथेच सुकतो. मग झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण मध्ये बारीक फट राहते. त्या फटीतून द्रव रात्रंदिवस उडत राहतो. म्हणून वापर झाला की कापसाच्या बोळ्याला थोडं रिमूव्हर लावून बाटलीचं तोंड आणि आटे पुसून घ्या. बोळा ओला असावा, पण त्यातून थेंब आत पडता कामा नये. मग झाकण घट्ट लावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण बाकीच्या सगळ्या उपायांपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

लावताना पंखा बंद ठेवा. दुसऱ्या हाताला लावण्याआधी पहिला हात वाळू देतो, तेव्हाही झाकण लावून ठेवा. घरात तीन-चार मुली एकाच बाटलीतून लावत असतील, तर एकीचं झालं की झाकण, मगच दुसरी. ईदच्या आदल्या रात्री अख्ख्या घरात फिरणारी बाटली सकाळी दाट का झालेली असते, हे लक्षात येईल.

ठेवायची कुठे?

आरशासमोरच्या फळीवर रांगेनं मांडलेल्या बाटल्या छान दिसतात, पण खिडकीतून ऊन येत असेल तर ती जागा वाईट. उन्हानं रंग फिका पडतो, उष्णतेनं द्रव लवकर उडतो. जळगाव, सोलापूर, नागपूरकडे उन्हाळ्यात खोल्या भट्टीसारख्या तापतात. पत्र्याच्या छपराच्या घरात तर वरची फळी सर्वांत गरम. अशा घरांत कपाटाचा सर्वांत खालचा खण आणि त्यात बुटाचा रिकामा खोका, एवढं पुरे. भिंत पश्चिमेची असेल तर कपाट तिला चिकटून नसावं. न्हाणीघरात ठेवू नका, तिथे गरम पाण्यामुळे उष्णता सतत कमी-जास्त होते.

बाटली नेहमी उभी ठेवा. आडवी ठेवली की पॉलिश झाकणाच्या आट्यांत जाऊन सुकतं. फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. थंडीनं पॉलिश घट्ट होतं, शिवाय खाण्याच्या वस्तूंजवळ अशी ज्वालाग्राही वस्तू नकोच.

बरेच दिवस ठेवलेल्या बाटलीत रंग तळाशी बसतो. ती जोरजोरात हलवू नका, आत बुडबुडे होतात आणि ते नखावर उमटतात. दोन्ही तळहातांत धरून सावकाश फिरवली की रंग एकजीव होतो. काही बाटल्यांत टिकटिक वाजणारे छोटे गोळे असतात, ते याच कामासाठी.

दाट झालं तर?

थोडंसं दाट झालेलं पॉलिश वाचवता येतं. झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्याच्या वाटीत दोन-तीन मिनिटं उभी ठेवा, मग तळहातांत फिरवा. पाणी हाताला सोसेल इतपतच असावं. बाटली गॅसवर किंवा दिव्यावर कधीही धरू नका.

तरीही पातळ झालं नाही, तर सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नेलपॉलिश थिनर मिळतं. त्यात साधारण तेच द्रव असतात, जे बाटलीतून उडून गेलेले असतात. दोन-तीन थेंब टाका, फिरवा, थोडा वेळ थांबा आणि मगच गरज वाटली तर आणखी एखादा थेंब.

थिनर नसलं की रिमूव्हर टाकणं हा बहुतेक घरांतला रिवाज. पण रिमूव्हर पापुद्रा विरघळवण्यासाठी बनवलेलं असतं. ते घातलं की पॉलिश त्या वेळेपुरतं पातळ होतं, पण मिश्रण बिघडतं. रंग नखावर नीट बसत नाही, चकाकी जाते आणि टवके लवकर उडतात. पाणी, तेल किंवा अत्तर घालू नये, हे सांगायला नकोच. दोन कंपन्यांच्या उरलेल्या बाटल्या एकत्र करणंही टाळा.

झाकणच उघडत नसेल, तर दातांनी किंवा पकडीनं ओढू नका, काच फुटते. झाकणाचा भाग कोमट पाण्यात मिनिटभर बुडवा, मग रबराचा पट्टा गुंडाळून फिरवा.

आग आणि मुलं

नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही पटकन पेट घेतात. बाटलीपेक्षा तिची वाफ जास्त धोक्याची, कारण ती दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघरात, चुलीजवळ, उदबत्ती किंवा लोबान जळत असताना लावू नका आणि काढूही नका. खिडकी उघडी असावी. रिमूव्हरचे बोळे गॅसच्या ओट्यावर टाकू नयेत.

लहान मुलांना या रंगीत बाटल्या खेळण्यासारख्या किंवा सरबतासारख्या वाटतात. खालचा खण सोयीचा असला, तरी रांगतं मूल घरात असेल तर त्याला कुलूप हवं, नाहीतर जागा बदला. चुकून मुलानं पॉलिश किंवा रिमूव्हर प्यायलं, तर त्याला उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

फेकायची केव्हा?

बाटलीवर किंवा खोक्यावर कधीपर्यंत वापरावी याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते घेतानाच पाहून घ्या. थिनर घालूनही तारा सुटत असतील, रंग आणि पाणी वेगळे राहत असतील किंवा वास बदलला असेल, तर मोह सोडा. उरलेलं पॉलिश मोरीत ओतू नका. झाकण लावून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा आणि घंटागाडीवाल्याला वेगळी दाखवून द्या. काचेनं त्याचा हात कापला जाऊ नये, एवढं त्याचं आपल्यावर देणं आहे.

घेतानाच विचार

लग्नाच्या खरेदीत मुलीसाठी दहा-बारा रंगांचा डबा घेण्याची हौस असते. वर्षभरात त्यातल्या दोनच बाटल्या वापरल्या जातात आणि बाकीच्या डब्यातच सुकतात. त्यापेक्षा पाच-सहा मिलीच्या छोट्या बाटल्या घ्या. तीन रंग पुष्कळ झाले. बाटलीवर बारीक कागद चिकटवून उघडल्याचा महिना लिहून ठेवा. बहिणी-जावांनी वेगवेगळे रंग घेतले तर एकमेकींत वापरताही येतात आणि बाटल्या वेळेत संपतात.

रोज नमाज असताना नखं रंगलेली हवी असतील, तर आपल्या आजी-नानीची मेंदी आहेच. तिचा लेप धुतला की फक्त रंग उरतो, थर राहत नाही, आणि वुजूला अडचण येत नाही. पण मेंदीचे कोनही ठेवून ठेवून खराब होतात. ते किती दिवस आणि कसे ठेवावेत, काळ्या मेंदीपासून सावध का राहावं, याबद्दल पुढच्या अंकात बोलू, इन्शाअल्लाह. तोवर या जुम्म्याच्या आत खणातल्या बाटल्या काढा, तोंडं पुसा आणि उभ्या करून ठेवा.