चिमूटभर मिठाची किंमत

मैत्रिणींनो, पुरणात चिमूटभर मीठ घालायचं असतं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मोदकाच्या उकडीत मीठ, शिऱ्यात कणभर मीठ, गोड शंकरपाळ्यांतही मीठ. "का गं घालायचं?" असं विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "गोडाला गोडी येते." बस्स, एवढंच शास्त्र. आणि ते खरंही आहे. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं, म्हणून गोडवा आणि वास जास्त जाणवतो. चॉकलेट मुळातच कडू. मग मिठाचा सगळ्यांत जास्त उपयोग तिथेच व्हायचा!

हल्ली मॉलमध्ये गेलं की 'सी सॉल्ट' लिहिलेल्या चॉकलेटच्या चपट्या वड्या दिसतात. किंमत बघून आपण ती वडी हळूच जागेवर ठेवतो. मुलं मात्र तिथेच घुटमळतात. हे सी सॉल्ट म्हणजे काय, तर समुद्राचं मीठ. मीरा-भाईंदरला राहणाऱ्या बाईला समुद्राच्या मिठाचं कौतुक कुणी सांगावं? वर्षानुवर्षं लोकलच्या खिडकीतून आपण मिठागरं बघत आलो. पावसाळा सरला की भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हानं आटवायचं आणि शेवटी तळाशी धरलेले खडे ओढून ढीग लावायचे. आपल्याकडे मीठ 'करत' नाहीत, 'पिकवतात' म्हणतात. पिकवण्याच्या जागेला आगर म्हणायचं आणि आगरी हे नावही त्यावरूनच आलं, असं मानतात. डोक्यावर टोपली घेऊन मीठ वाहणाऱ्या बाया या भागानं पाहिल्या आहेत. 2002 साली इथे महापालिका आली, 2011 च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली, मिठागरांच्या कडेनं इमारती उभ्या राहिल्या. गाव बदललं. पण मीठ म्हणजे अगदीच स्वस्त वस्तू, ही आपली समजूत काही बदलली नाही.

मला आज बोलायचंय ते याच स्वस्तपणाबद्दल. पण आधी पदार्थ सांगते, म्हणजे हात कामाला लागतील.

दोनशे ग्रॅम डार्क चॉकलेट, दीडशे ग्रॅम खारे शेंगदाणे, मोठी वाटीभर कुरमुरे आणि जाडसर कुटलेलं मीठ पाव चमच्याहूनही कमी. एवढंच साहित्य. शेंगदाण्यांची सालं चोळून काढा आणि पाखडून घ्या, म्हणजे सुटं मीठ गळून जाईल. कुरमुरे मंद आचेवर कढईत परतून कुरकुरीत करा आणि पूर्ण गार होऊ द्या. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ही पायरी गाळली, तर कुरमुरे चामट झालेच म्हणून समजा.

चॉकलेट सुरीनं बारीक चिरून त्याचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा आणि वर चॉकलेटचं कोरडं स्टीलचं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. चमचासुद्धा कोरडा हवा. पाण्याचा एखादा थेंब जरी पडला तरी चॉकलेट आवळून त्याचा गोळा होतो. वितळलं की भांडं खाली घ्या, तळ पुसा आणि बाजूला ठेवलेलं चॉकलेट त्यात घालून एकजीव होईपर्यंत ढवळत राहा. यानं मिश्रण बेतानं निवतं आणि घट्ट झाल्यावर वडीला चकाकी येते. थेंबभर खालच्या ओठाला लावून बघा, जरासं गारच लागलं पाहिजे. तसं झालं की शेंगदाणे आणि कुरमुरे मिसळून बटर पेपर लावलेल्या ताटात पसरा. पाच मिनिटांनी, वरचा थर आळायला लागला की, मीठ भुरभुरवा.

मीठ शेवटीच का? मीठ पाण्यात विरघळतं, चॉकलेटच्या स्निग्धात विरघळत नाही. त्यामुळे वर घातलेला कण तसाच राहतो आणि दाताखाली आल्यावर चव देतो. थोड्या मिठात काम भागतं ते असं. तरीही घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर वरचं मीठ गाळाच, शेंगदाण्यांचा खारटपणा पुरतो. आणि हो, मिठागराच्या ढिगावरचं मीठ थेट उचलून आणू नका. ते धुतलेलं, साफ केलेलं नसतं. बाजारात आयोडिनयुक्त खडे मीठ पाकिटात मिळतं, ते खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या.

वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि हातानं तुकडे मोडा. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडायचा नाही, बाहेर निवांत राहू द्यायचा. नाहीतर तुकड्यांना घाम सुटतो आणि वर पांढुरके डाग येतात. ती बुरशी नसते, वर आलेली साखर असते. पण घेणाऱ्याला ते कोण समजावणार?

आता मूळ मुद्द्यावर येते. दिवाळी, राखी, बारसं, वाढदिवस जवळ आले की आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये घरोघरी चॉकलेटं बनतात. क्रॉफर्ड मार्केटातून साचे आणि लाद्या आणायच्या, दुपारी मुलं शाळेत असताना ओतायचं, रात्री सगळे झोपल्यावर चमकीच्या कागदात गुंडाळायचं. आणि डबा हातात देताना समोरून काय ऐकायचं? "अगं, घरीच तर करतेस, मग एवढे पैसे कशाचे?" पण दुकानदाराला कधी कुणी "दुकानातच तर विकता" असं म्हणतं का हो?

जरा हिशेब मांडू. समजा वरच्या प्रमाणात एका ताटाचं सामान 250 रुपयांचं झालं. डबी आणि कागद 40, गॅस आणि फ्रीजची वीज 10. झाले 300. तुम्ही ते शेजारणीला भीडेखातर 350 ला दिलंत. उरले 50. चिरणं, वितळवणं, पसरणं, पॅकिंग, भांडी घासणं आणि पोहोचवणं यात दीड तास गेला. म्हणजे तासाला 33 रुपये पडले. मजुरीचा तासाला निदान 100 रुपये दर धरला तरी हा डबा 450 ला जायला हवा होता. मग वरचे 100 रुपये गेले कुठे? तुमच्या मजुरीतूनच गेले, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरातल्या माणसांच्या नाही, तुमच्याही नाही.

मिठाचंही असंच आहे. असतं तेव्हा कुणी नाव काढत नाही, पण विसरलं तर ताट बाजूला सारतात. बाईच्या कामाची गतही तीच. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण त्यात केवढं सत्य आहे बघा! मीठ तेच, खारटपणाही तोच, पण ज्या हातानं वाढलं त्या हाताची किंमत नाही म्हणून चवही नाही.

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय पुढे होत्या. कायदा मोडून तयार केलेल्या मिठाच्या पुड्या त्यांनी लोकांत विकल्या. विकल्या हो, वाटल्या नाहीत. चिमूटभर मिठालाही किंमत लावता येते आणि बाई ती चारचौघांत मागू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. फ्रान्समध्येही एक मजेशीर गोष्ट आहे. तिथे राजाचा मिठावरचा कर फार जाचक होता, पण ब्रिटनी नावाच्या समुद्रकाठच्या प्रांताला त्यातून सूट होती. म्हणून तिथल्या घरांत लोण्यात सढळ हातानं मीठ पडायचं. त्याच प्रांतात 1977 साली ऑंरी ल रू यांनी किबरोनला दुकान थाटलं आणि खारट लोण्याचं कॅरमेल केलं. आज जगभर सॉल्टेड कॅरमेलची जी हवा आहे, तिची एक मोठी सुरुवात तिथली. म्हणजे गावाच्या घरगुती सवयीलाच त्यांनी मान दिला आणि मोल लावलं. मग खाडीकाठच्या आपण मागे का राहायचं?

मात्र दाम मागायचा तर मालही खरा हवा. इथे मला आपल्याच मैत्रिणींना दोन शब्द सांगायचेत. चॉकलेटच्या लादीवर मागच्या बाजूला घटक छापलेले असतात, ते वाचा. जो घटक जास्त, तो यादीत आधी, असा नियम आहे. 'कोको बटर' दिसलं तर ते चॉकलेट. त्याऐवजी साखर आणि 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड वाईटच असं मी म्हणत नाही. ते स्वस्त पडतं, उन्हाळ्यात लवकर विरघळत नाही, आणि वर सांगितलेली निववण्याची कसरतही त्याला लागत नाही. नवशिक्या बाईला ते सोयीचं आहे. पण कंपाउंड वापरून 'शुद्ध चॉकलेट' म्हणून विकायचं, हे बरोबर नाही. ज्या अर्थी आपण आपल्या कष्टाचं खरं मोल मागतो, त्या अर्थी घेणाऱ्यालाही खरं काय ते सांगायला हवं. डब्यावर घटक, केल्याची तारीख आणि 'शेंगदाणे आहेत' हे ठळक लिहा. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते, त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. अशा घरासाठी भाजलेलं डाळं घाला, तेही वेगळ्या भांड्यांत.

आणि विकायचंच ठरवलंत तर नोंदणी करून घ्या. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या उद्योगालाही ती लागते. "एवढ्याशा कामाला कागद कशाला?" असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा सांगा, हे काम एवढंसं नाही. नोंदणीच्या कागदावर तुमचं नाव असतं. लाइट बिल आणि घराच्या ॲग्रीमेंटवर आपलं नाव कितव्या नंबरला असतं, ते आपल्याला ठाऊक आहे!

सगळ्यांनीच विकलं पाहिजे असंही नाही. मुलांसाठी, नातवंडांसाठी हौसेनं करा, त्यात वेगळा आनंद आहे. प्रेमानं दिलेल्या तुकड्याचा हिशेब कुणी मांडत नाही आणि मांडूही नये. पण प्रेम कुठं आणि व्यवहार कुठं, ही रेघ आपली आपण आखावी. ती शेजारणीनं किंवा नात्यातल्या कुणी आपल्यासाठी आखू नये.

तेव्हा या रविवारी ताटभर चॉकलेट करून बघा. घरच्यांना चाखायला द्या. आणि एका वहीत सामानाचा खर्च लिहिताना त्याखाली आणखी एक ओळ लिहा, 'माझा वेळ'. त्यापुढे आकडा घाला. पहिल्यांदा हात अडखळेल, पण घाला.