न खपलेली ध्वनिमुद्रिका

1982 साली मुंबईच्या चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि पडून राहिलेल्या मालात जमा झाली. सिंग हे चित्रपटसंगीतातील मुरलेले वादक. वर्षानुवर्षे इतरांच्या गाण्यांना साथ केल्यावर, डिस्कोची लाट आली तेव्हा स्वतःचे काही करावे, असे त्यांनी मनावर घेतले. रोलँड कंपनीची नवी यंत्रे एकमेकांना जोडून त्यांनी भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग त्या ठेक्यावर वाजवले.

त्यांतील टीबी-303 हे यंत्र सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते घसरत जाते. रागातील मींडेला ही सोय नेमकी मानवली. पण यंत्रही खपले नाही. 1984 मध्ये उत्पादन थांबले आणि ते जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले. शिकागोतील ‘फ्यूचर’ या तरुण त्रिकुटाने तेच घेतले आणि बटणे उलटसुलट फिरवत 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले. त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जगभर पसरले.

सिंग यांना त्याचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे. दोन्ही वाटा स्वतंत्र होत्या. मात्र 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यावरील साल काहींना बनावट वाटले. सत्तरी ओलांडलेले सिंग मग तेच राग घेऊन युरोपच्या रंगमंचावर उभे राहिले.