मात्रेचें त्रैराशिक

शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या मनुष्यास असें वाटतें कीं, दोन गोळ्यांनीं जितका गुण येतो त्याच्या दुप्पट गुण चार गोळ्यांनीं यावा. छिन्नमनस्कतेसारख्या चित्तविकारावर जीं औषधें देतात त्यांच्या बाबतींत हा हिशेब सपशेल चुकतो, आणि त्याचा भार रोग्यास सोसावा लागतो. म्हणून हा विषय या वेळीं घेतला आहे.

मेंदूंतील पेशी एकमेकींस निरोप धाडतात तो कांहीं रसायनांच्या द्वारें. त्यांपैकीं एकाचें नांव डोपामीन. हें रसायन पुढील पेशीवर जेथें जाऊन बसतें त्या स्थानास ग्राही म्हणतात; ग्रह् धातूपासून झालेला हा शब्द मला तरी इंग्रजी नांवाहून अधिक बोलका वाटतो. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयांत डले व डेनिकर यांनीं क्लोरप्रोमाझीन वापरून पाहिलें, तेव्हां त्याचें कार्य कसें घडतें हें कोणासच ठाऊक नव्हतें. अशीं औषधें ग्राहींची जागा अडवून बसतात, हा तर्क स्वीडनच्या कार्लसन यांनीं १९६३ सालीं मांडला.

आतां गणित. टोरांटो येथील १९९६ सालच्या एका अभ्यासांत हॅलोपेरिडॉलच्या रोज अवघ्या २ मिलिग्राम मात्रेनें सरासरी ६७ टक्के ग्राही व्यापलेले आढळले. म्हणजे मोकळे व व्यापलेले यांचें प्रमाण १ : २. मात्रा दुप्पट केली कीं हें प्रमाण १ : ४ होतें, म्हणजे ८० टक्के, आणि ८ मिलिग्रामला १ : ८, म्हणजे सुमारें ८९. मात्रा चौपट झाली, परंतु वाढ केवळ २२ टक्क्यांची! त्यांत गोम अशी कीं, साधारणतः ६५ टक्क्यांच्या पुढें गुण येतो आणि सुमारें ७८ च्या पुढें अंग ताठणें, कंप सुटणें हे उपद्रव बळावतात. (क्लोझापीनसारखें एखादें औषध यास अपवाद आहे.) घरांत मंगलकार्य निघालें कीं, पाहुण्यांसमोर रोग्यानें शांत बसावें म्हणून डॉक्टरांस न विचारतां गोळी दुप्पट करणारीं माणसें असतात. तीं त्याच्या मनाची शांति वाढवीत नसून त्याचें अंग लाकडासारखें करीत असतात. तो मुका बसतो, आणि लोक म्हणतात, "बरा सुधारला हो!"

मात्रा उतरवितांना हेंच गणित उलटें लागतें. ८ वरून ४ वर आल्यास नऊ टक्के ग्राही मोकळे होतात. २ वरून १ वर आल्यास सतरा. आणि शेवटची अर्ध्या मिलिग्रामची मात्रा सोडल्यास तेहतीस टक्के एकदम. शिवाय दीर्घकाळ अडविलेल्या ग्राहींची संख्या वाढते, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. उपाशी मनुष्यास अन्नाचा वास दुरूनच यावा, तशा त्या पेशी डोपामीनला हळव्या होतात. अशा वेळीं "आतां बरें आहे, पुरे झाल्या गोळ्या" असें म्हणून औषध एकाएकीं तोडणें हें संकटास आमंत्रण होय.

मग रोज द्यावें कीं अंतरानें? २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांस औषध पंपानें अखंड दिलें असतां त्याचा प्रभाव ओसरत गेला. दिवसांतून एकदां टोचलें असतां तो टिकला. पुढें २०११ सालीं टोरांटोच्याच संशोधकांनीं स्थिरावलेल्या ३५ रोग्यांपैकीं कांहींस सहा महिने दिवसाआड औषध दिलें. त्यांचा रोग अधिक उलटला नाहीं. परंतु बरें वाटतांच औषध थांबवावें आणि लक्षणें दिसूं लागतां पुन्हां सुरू करावें, या रीतीनें रोग अधिक वेळां उलटतो, हेंही अनेक चांचण्यांत आढळलें आहे. दोन्ही रीतींत खंड आहे, पण एक मोजून पाडलेला व दुसरा लहरीचा. पसतीस माणसांवरून आपल्या घरीं दिवसाआडचा नियम बसवूं नये. तें डॉक्टरांनींच ठरवावें.

घरच्यांनीं एक वही मात्र ठेवावी. गोळी कधीं चुकली, हात केव्हां थरथरले, झोंप कशी लागली, हें तिथीवार लिहावें, व रोग्यासही लिहूं द्यावें. हें काम बहुधा सूनबाईकडे येतें. तें दोघांकडे असावें, कारण ती माहेरीं गेली कीं नोंद खुंटते आणि डॉक्टरांस नेमके तेच दिवस पाहावयाचे असतात.